फुकट सेवेचा पगार कुणीतरी देतच असतं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

'हल्ली पूर्वीसारखे कार्यकर्ते मिळत नाहीत' ही तक्रार आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात वरचेवर वाचायला मिळते. लिहिणारे बहुधा माझ्याच वयाचे, सत्तरीच्या आसपासचे असतात. पत्राची गाडी तरुण पिढी, मोबाइल आणि आटलेला सेवाभाव या स्थानकांवर येऊन थांबते. पूर्वीचे कार्यकर्ते कुठून यायचे हे मला नीट ठाऊक आहे, कारण मी त्यांतलीच एक आहे. तेव्हा थोडा हिशेब मांडते. सवय आहे, उमेदीची वर्षं बँकेत गेली आणि आता एका लहानशा संस्थेची खजिनदार आहे.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९८० मध्ये आणखी सहांचं. शाखा वाढल्या, कारकुनांची भरती झाली आणि नौपाडा, चरईतल्या घराघरांतून कुणी ना कुणी बँकेत, एलआयसीत नाहीतर टेलिफोन खात्यात चिकटलं. संध्याकाळची ठरलेली लोकल पकडली की साडेसहाला माणूस ठाण्यात. इकडे वागळे इस्टेट, पोखरण रोड, कळवा इथल्या कारखान्यांत पाळ्या चालायच्या. पहिली पाळी करणारा दिवेलागणीच्या खूप आधी घरी. म्हणजे पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली आणि संध्याकाळ स्वतःची, अशी कितीतरी माणसं या शहरात होती. ग्रंथालयं, व्याख्यानमाला, व्यायामशाळा, ग्राहक संघटना, वस्त्यांतले अभ्यासवर्ग यांना माणसं मिळाली ती या संध्याकाळींमुळे. युनियनचा आधार होता, त्यामुळे एखाद्या मोर्च्याला गेलं म्हणून नोकरी जाईल ही भीतीही नसायची.

मग २०००-०१ मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली. देशभरात लाखभर लोक बाहेर पडले, त्यांत मीही. पंचेचाळिशीत हातात एकरकमी पैसे, वर दरमहा पेन्शन, आणि सकाळी डबा भरायची घाई संपलेली. आमची संस्था त्या लाटेतली. बँकेतल्या आम्ही काही मैत्रिणी आणि दोन निवृत्त शिक्षक जमलो, किसननगरच्या बाजूला समाजमंदिराची एक खोली मिळाली आणि पाचवी ते दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू झाला. संस्थेचं नाव देत नाही. दिलं तर पुढचं मोकळेपणाने लिहिता येणार नाही.

लोक कौतुकाने म्हणतात, बाई इतकी वर्षं विनामूल्य काम करतात. विनामूल्य कसलं? माझ्या वेळेचे पैसे माझी बँक देत आली आहे. कुणाला शाळेची पेन्शन आहे, कुणाच्या नवऱ्याचा पगार आहे, कुणाचा मुलगा अमेरिकेतून पाठवतो. संस्थेच्या खर्चाच्या वहीत त्याची नोंद होत नाही, एवढंच.

आणि ते झरे आता आटत चालले आहेत. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या सेवेत आणि १ एप्रिल २०१० नंतर सरकारी बँकांत लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन लागू झाली नाही. १९२५ पासून ठाण्यात असलेल्या रेमंडच्या जागेवर टॉवर उभे राहिलेत. वागळे इस्टेटच्या शेडमध्ये जिथे लेथ चालायचे, तिथे काचेच्या इमारती आहेत. त्या इमारतीतला मुलगा रात्री नऊला सुटतो आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला त्याला दहा वाजतात. त्याच्यात सेवाभाव नाही असं म्हणायला जीभ कशी उचलते, कळत नाही. त्याच्याकडे संध्याकाळच नाही.

आता आमच्या वर्गाचं सांगते.

तो वर्ग खऱ्या अर्थाने चालवत होती एक मुलगी. स्वतः पाचवीत असताना आमच्याकडे आली, शिकली, आणि बारावीपासून समाजमंदिराची किल्ली तिच्याकडेच गेली. वडील रिक्षा चालवतात, तीही भाड्याची. आई पाचपाखाडीत चार घरची कामं करते. साडेपाचला कुलूप काढायचं, झाडू मारायचा, सतरंज्या घालायच्या, हजेरी घ्यायची, हे तर झालंच. कोण आलं नाही ते पाहून घरी फोन, फोन लागला नाही तर गल्लीत जाऊन हाक. कुठल्या घरी सहाला पाणी येतं म्हणून थोरली मुलगी साडेसहाच्या आत येऊच शकत नाही. कुणाचा बाप पगाराच्या दिवशी घरात धड बसू देत नाही. कुणाची गणिताची वही हरवलेली नसून तिने ती लाजेने लपवली आहे, हे सगळं तिला माहीत. दोन बहिणींची शाळा सुटणार होती, ती हिने घरी जाऊन जाऊन थांबवली. नौपाड्याहून रिक्षाने येणाऱ्या आम्हा बायकांना त्या घराचा उंबरासुद्धा माहीत नव्हता.

तिला आम्ही काय दिलं? दिवाळीला ड्रेसचं कापड, वार्षिक कार्यक्रमात शाल-श्रीफळ आणि अध्यक्षांच्या भाषणात एक गोड वाक्य.

टी.वाय.ची परीक्षा झाल्यावर तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, इथे मला महिन्याचं काही मिळेल का? आठ हजार मिळाले तरी मी घरी सांगू शकते. नाहीतर मला काम बघायला लागेल." आठ हजार हा आकडा तिने किती दिवस मनात घोळवला असेल! कमिटीत त्यावर चर्चा झाली. चर्चा लांबली. तोवर घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात बिलिंगला तिला जागा मिळाली, चौदा हजारांवर. दुपारी एक ते रात्री दहा. ती गेली, आणि बरोबर केलं.

किल्ली सध्या समाजमंदिरासमोरच्या वाण्याकडे असते. जी बाई आधी पोचेल तिने घ्यायची. पावसाळ्यात आमच्या रिक्षा तीन हात नाक्याला अडकतात, मुलं पायरीवर बसून राहतात आणि कंटाळून परत जातात. पाच दिवसांचा वर्ग तीन दिवसांवर आलाय. त्या दोन बहिणींपैकी मोठी पुन्हा दिसेनाशी झाली आहे, आणि घरी जाणार कोण यावर आम्ही एकमेकींकडे बघतो.

शिकवायला माणसं मिळत नाहीत असंही नाही, बरं का. उलट शनिवारी गर्दी होते. इंजिनिअर मुलं येतात, हौसेने येतात, छान बोलतात. पण प्रत्येक नवा माणूस अपूर्णांकांपासून सुरुवात करतो, दोन-तीन शनिवार टिकतो आणि मग त्याचा प्रोजेक्ट किंवा साखरपुडा मध्ये येतो. पुढचा आला की पुन्हा पिझ्झाचे आठ तुकडे. आमच्या सातवीतल्या मुलांना अंश-छेद झोपेत विचारले तरी सांगता येतील. दशांश चिन्हापर्यंत त्यांना कुणी नेलेलं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थीही येतात. १९६९ पासूनची ही योजना, वर्षाला १२० तास काम करायचं असतं. मुलं गुणी असतात, फळा रंगवून देतात, पथनाट्य बसवतात. तास भरले, सही झाली, परीक्षा आली. त्यांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या वयाच्या शिक्षिकांचं तर विचारूच नका. एकीचे गुडघे, एकीची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, आणि दोघी तर सुनेच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने न्यू जर्सीला. ज्याला कधीही न येण्याची मुभा आहे, त्याच्या भरवशावर रोजचं दार उघडत नाही. शनिवारचं गणित, विज्ञानाचे प्रयोग, सहल, माझ्यासारखीने हिशेब लिहिणं, हे सगळं स्वयंसेवकांनी जरूर करावं. रोजचं काम रोजच्या माणसाचं असतं आणि रोजच्या माणसाला रोज जेवायला लागतं.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला, की वर्गासाठी एक पूर्णवेळ समन्वयक नेमावी, वस्तीतलीच असावी, आणि तिला महिना दहा हजार रुपये मानधन द्यावं. अध्यक्ष म्हणाले, "पैसा आला की सेवा संपली." एक ज्येष्ठ सदस्या म्हणाल्या, "तिला द्यायचं तर आम्ही काय घोडं मारलंय?" आणखी एकांना वेगळीच काळजी. आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, 'संस्थेचे सर्व कार्यकर्ते विनामूल्य सेवा देतात.' ते काढलं तर देणगीदारांना काय सांगायचं?

गंमत अशी, की त्याच सभेत लेखापरीक्षकांची फी, झेरॉक्सवाल्याचं बिल आणि वर्धापनदिनाच्या फ्लेक्सचे पैसे दोन मिनिटांत मंजूर झाले. फ्लेक्स छापणाऱ्याचा सेवाभाव कुणी काढला नाही. आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सवात मांडववाल्याला आणि डीजेवाल्याला पैसे मोजताना भक्ती संपत नाही. पगारी नर्सने दिलेलं इंजेक्शन कमी लागू पडतं, असंही मी ऐकलेलं नाही.

पालकांपैकी एक बाई त्या दिवशी आल्या होत्या, अंगणवाडीत मदतनीस आहेत. सभेत पालक सहसा बोलत नाहीत. त्या उठून म्हणाल्या, "आमचं मानधन थकलं तर आम्ही आझाद मैदानात जातो. या पोरीने कुठे जायचं?" कुणी उत्तर दिलं नाही. त्यांना हे बोलायचा अधिकार आहे. १९७५ पासून चालत आलेल्या अंगणवाड्या ज्या बायकांच्या जिवावर उभ्या आहेत, त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. सरकारला दोष देताना आम्ही मागे नसतो, आणि स्वतःच्या समाजमंदिरात तेच करतो.

ठराव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला गेला.

अध्यक्षांच्या वाक्याबद्दल थोडं. आपल्याकडची परंपरा निःशुल्क त्यागाची आहे, असं ते म्हणाले आणि टिळक-आगरकरांचं नाव घेतलं. म्हणून जरा आठवण करून देते. १८८४ मध्ये टिळक-आगरकरांच्याच पुढाकाराने डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तिचे आजीव सदस्य फुकट शिकवत नव्हते. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सोसायटीच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायचं व्रत घेतलं होतं. बाहेर जे मिळालं असतं त्याहून ते फार कमी होतं, त्याग खराच होता. पण चूल पेटेल एवढी सोय संस्थेने केली होती. टिळक १८९० मध्ये सोसायटीतून बाहेर पडले त्या वादातसुद्धा सदस्यांचं वेतन आणि त्यांची बाहेरची मिळकत हा मुद्दा होता. म्हणजे ही माणसं पैशाबद्दल उघडपणे बोलत होती, भांडतसुद्धा होती. पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हाही सदस्यांच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने घेतली. अलीकडचं उदाहरण हवं तर ऐंशीच्या दशकातला सामाजिक कृतज्ञता निधी घ्या. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारख्या नटांनी महाराष्ट्रभर नाटकाचे प्रयोग करून पैसा उभा केला, तो कशासाठी? चळवळीतल्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. इथे ठाण्यातच १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय चालू आहे. अशी जुनी ग्रंथालयं टिकली ती कार्यकारिणी मानद असली तरी देवघेवीच्या खिडकीवर पगारी सेवक बसवल्यामुळे.

देणगीदारांशी माझा संबंध जास्त येतो, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिणं भाग आहे. "माझ्या रुपयातले किती पैसे प्रत्यक्ष मुलापर्यंत पोचतात?" हा त्यांचा लाडका प्रश्न. वही, दप्तर, खाऊ म्हणजे मुलापर्यंत पोचलं. शिकवणाऱ्याला दिलं की ते वाटेत गळलं, असा त्यामागचा समज. अहो, वही घेऊन घरी बसलेल्या मुलीला वर्गात कोण आणणार? एका कंपनीने आम्हाला सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी खर्चायच्या पैशातून, टॅब दिले. त्यांच्या माणसाला मी म्हटलं, टॅब निम्मे द्या आणि एका ताईचं वर्षाचं मानधन द्या. तो म्हणाला, प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. मी नियम वाचून गेले होते. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण प्रशासकीय खर्चाला आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्यावर थेट होणारा खर्च त्यात धरत नाहीत. अभ्यासवर्गात रोज मुलांसोबत बसणारी ताई म्हणजे 'प्रशासन' नव्हे. तो हसला, म्हणाला, "मॅडम, वरून फॉरमॅट आलाय." टॅब कपाटात आहेत. कपाटाला कुलूप आहे.

कायद्याची भीतीही उगाच घातली जाते. विश्वस्तांनी स्वतःला पगार लावून घेणं वेगळं आणि कामाला माणूस नेमणं वेगळं. या दुसऱ्या गोष्टीला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाची आडकाठी नाही. उलट कायदा आमच्याकडून पगारी कचेरीची अपेक्षा करतो आणि आम्ही ती हौशी माणसांवर भागवतो. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज. देणग्यांचं विवरण आयकर खात्याला ३१ मेपर्यंत, उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. हे मी करते, कारण मला येतं आणि पेन्शनमुळे मला वेळ आहे. माझ्यानंतर कोण, हे कमिटीत विचारलं की विषय चहाकडे वळतो.

मानधन सुरू केलं की नवे त्रास येतात, हे मला दिसतं. उद्या विश्वस्तांची भाचीच समन्वयक व्हायची. अनुदान थांबलं की माणसाला काढावं लागायचं. म्हणून ठरावात मी लिहिलं आहे: विश्वस्तांच्या नात्यातलं कुणी नको, नेमणुकीचं पत्र हवं, पैसे थेट बँक खात्यात, आणि वर्षाची रक्कम आधी जमा असल्याशिवाय नेमणूक नाही. वर्षाला एक लाख वीस हजार. महिना शंभर रुपये देणारी शंभर घरं मिळाली की तेवढे होतात. नव्या करप्रणालीत ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट मिळत नाही, तेव्हा करसवलतीचं आमिष मी कुणाला दाखवत नाही. पण नौपाडा-पाचपाखाडीत शंभर घरं काढणं अवघड नाही. आमच्या सोसायटीत विचारायला सुरुवात केली आहे. अडखळतात ते 'पगारासाठी' या शब्दापाशी. वह्यांसाठी म्हटलं तर त्याच दारात पाचशेची नोट निघते.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. एखाद्या संस्थेची बातमी छापताना आपल्या वार्ताहराला तिथे एक प्रश्न विचारायला सांगा: दार रोज कोण उघडतं आणि त्या व्यक्तीचं घर कशावर चालतं? उत्तर छापा, म्हणजे वाचकांना पैसे कुठे द्यायचे ते कळेल.

आमचे हिशेब तपासून ३० सप्टेंबरच्या आत सादर करायचे असतात, त्याआधी यंदाची सभा होईल. माझा ठराव विषयपत्रिकेवर आहे. समन्वयकाच्या जागेसाठी वस्तीतल्या दोन मुलींनी मला आधीच विचारलं आहे; आमची जुनी ताई दुकान सोडून परत येईल असं मी धरलेलं नाही. ठराव पुन्हा पुढे ढकलला गेला, तर वार्षिक अहवालावर खजिनदार म्हणून सही करण्यापूर्वी पहिल्या पानावरचं 'विनामूल्य सेवा' हे वाक्य मी खोडणार आहे. अध्यक्षांना तसं लेखी कळवलं आहे आणि पत्राची पोच घेतली आहे.

आपली,
एका अभ्यासवर्गाची खजिनदार
नौपाडा, ठाणे (पश्चिम)

(नाव प्रसिद्ध करू नये. माझ्या नावावरून वस्तीत त्या मुलीचं घर लगेच ओळखलं जाईल.)